नाव टाकलेली फळी

मी देवकाबाईंच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. उद्या देवळीचा बाजार. उद्या सकाळी त्यांचा जावई मोतीलाल मला काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून देवळीला नेणार आणि माझ्या घरी पोचवणार. चांगली माणसं आहेत. पण मला घरी जायचं नाही. हे त्यांना सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

मी फळी आहे. लाकडाची नव्हे, फोमची. वरून निळी, खालून पिवळी आणि गुळगुळीत, नाकाशी म्हणजे पुढच्या टोकाशी जराशी वर वळलेली. माझ्यावर पालथं पडायचं, समुद्राची लाट आली की तिच्या फेसाबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं. एवढ्याच कामासाठी मला बनवलं. वर्धा जिल्ह्यात समुद्राच्या फळीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. देवळीत मला पाहिलेल्या प्रत्येकानं ते विचारलं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. साच्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्याच पुष्कळ फळ्यांच्या चळतीत होते. मग एका गोऱ्या माणसानं मला विमानातून गोव्याला आणलं, महिनाभर वापरलं आणि परत जाताना किनाऱ्यावरच्या कायतान नावाच्या माणसाच्या झोपडीत ठेवून गेला. कायतान तिथं शहाळी विकायचा आणि हौशी लोकांना तासभरासाठी मला द्यायचा. नव्वदच्या दशकातले माझे बरेच हिवाळे असे गेले. लोक यायचे, खारं पाणी प्यायचे, हसायचे, निघून जायचे. कोणाचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही.

दोन हजार एकच्या जानेवारीत योगेंद्र आला.

वर्ध्याहून एक यात्रेची बस आली होती. निवृत्त शिक्षक, कारकून, त्यांच्या बायका. रस्त्यात स्वयंपाक करायला लागणारी मोठी भांडी देवळीच्या प्रभाकररावांच्या दुकानातून भाड्यानं घेतलेली. त्यांच्या दुकानाची पद्धत अशी, की भांडी लांब निघाली तर घरचं एक माणूस सोबत जायचं. मोजून द्यायची, मोजून आणायची. या वेळी थोरला मुलगा योगेंद्र आला होता. वय एकवीस. कॉलेज अर्धवट सुटलेलं, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

त्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. भांडी तशीच बसपाशी टाकून तो पळत आला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग कायतानच्या झोपडीत मला बघितलं.

कायताननं त्याला जे सगळ्यांना शिकवायचा तेच शिकवलं. पोट फळीवर, कमर फळीच्या शेवटाशी, हनुवटी वर, दोन्ही हात फळीच्या नाकाशी. पाय पाण्याच्या आतून मारायचे, वर आपटायचे नाहीत. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं जायचं नाही. मोठी हिरवी लाट सोडून द्यायची, ती शिकलेल्या माणसाची. शिकाऊ माणसानं फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस धरायचा. आणि शेवटी त्यानं माझ्या अंगाला जोडलेली दोरी तिच्या पट्ट्यानं योगेंद्रच्या मनगटाला बांधली. "ही सोडू नको हां, बाबा," तो म्हणाला. "फळी गेली म्हणजे तू गेलो."

पहिल्या लाटेला योगेंद्र पुढं फार वाकला. माझं नाक पाण्यात घुसलं आणि तो माझ्यावरून कोलांटी खाऊन वाळूत आपटला. दुसऱ्या लाटेला तो मागं राहिला, लाट त्याला सोडून गेली. किनाऱ्यावर यात्रेतले नरहर गुरुजी धोतर वर धरून उभे होते. ते ओरडले, "अरे योगेंद्र, भांडी सांभाळायला आलास की समुद्र प्यायला?"

"थोडा राह्यला, सर, तुमच्यासाठी!" तो तोंडातलं पाणी थुंकत ओरडला.

मग एक लाट आली. त्यानं मागं वळून पाहिलं, पाय मारायला लागला, आणि फेस आम्हा दोघांच्या खाली आला. मी उचलली गेले. तो काहीही करत नव्हता, तरी आम्ही धावत होतो. वाळूला टेकलो तेव्हा तो माझ्यावर तसाच पडून राहिला, गाल माझ्या अंगाला लावून. इतक्या वर्षांत मला असं कोणी धरलं नव्हतं.

बस निघायच्या दिवशी तो कायतानपुढं एक मोठं पातेलं घेऊन उभा राहिला. कायतानला माशांच्या कालवणाला मोठं भांडं हवंच होतं. पातेलं त्याचं झालं, मी योगेंद्रची.

देवळीत दुकानापुढं भांडी उतरली. प्रभाकररावांनी ती मोजली. पुन्हा मोजली.

"मोठं पातेलं?"

योगेंद्रनं मला पुढं केलं.

"हे काय होय?"

"फळी हाय, बाबा. समुद्राची."

प्रभाकररावांनी मला बोटानं टकटक करून पाहिलं, जसं भांडं वाजवून पाहतात तसं. माझा आवाजच झाला नाही. "ज्या पातेल्यात लग्नाचा भात शिजे थे देऊन तू हे आणलं? देवळीत समुद्र कोठी हाय बे? एसटी स्टँडच्या मागं?"

आतून योगेंद्रची आई शोभाबाई आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, वजन पाहिलं. "हलकी हाय व माय. इस्त्री कराले चांगली हाय."

सगळ्यांत मागं नीलेश उभा होता. धाकटा, सोळा वर्षांचा. नववीत दोनदा बसला, मग दप्तर टाकून दुकानात आला. शाळेत त्याची अक्षरं कुणाला लागायची नाहीत. पण दुकानात भांड्यांवर नावं टाकायचं काम त्याचंच होतं. ती छोटी गुरगुरणारी मशीन हातात आली की त्याची अक्षरं मोत्यासारखी उमटायची. नाव, वडिलांचं नाव, गाव. लग्नाच्या पंगतीत भांडी एकमेकांत मिसळतात, नाव असलं की ज्याचं त्याच्या घरी परत येतं. नीलेशला तेवढंच लिहिता यायचं आणि तेवढं तो मनापासून लिहायचा.

"दादा," तो म्हणाला, "लाट कशी असते रे?"

"सांगून नाई समजत. तू पडून राह्य, थे तुले उचलते. तुले मी नेतो ना समुद्रावर. पह्यले शीक, मंग नेतो."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून नीलेशच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात शोभाबाईंनी माझ्यावर कुरड्या वाळत घातल्या. गच्चीवर उन्हात पडून मी कुरड्या सांभाळायची, आणि संध्याकाळी दोघं भाऊ मला सायकलला बांधून न्यायचे. सुटीच्या दिवशी बसच्या टपावर टाकून पवनारला. धाम नदीत उन्हाळ्यात पाणी थोडं, पण डोह असतात. तिथं नीलेश माझ्यावर पालथा पडायला शिकला. आधी तो मला इतका घट्ट धरायचा की आम्ही दोघं कलंडायचो.

"गळा काऊन दाबून राह्यला तिचा?" योगेंद्र म्हणायचा. "सैल धर. बायको नाई थे."

"तुले का माहीत बायको कशी धरतात?"

"मायले सांगू का हे?"

डोहात लाट मात्र नव्हती. मग योगेंद्रनं दुकानातून एक परात आणली. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो परात पाण्यावर आपटायचा, ढकलायचा. वीतभर उंचीची लाट यायची आणि माझ्याखालून निघून जायची. कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. "अव, भांडेवाल्याचे पोट्टे भांडे घासाले नदीवर आले वाटते," असं एकीनं म्हटलं आणि घाटभर हसू पसरलं. नीलेशला राग आला. योगेंद्रनं मात्र परात डोक्यावर धरून त्या बायांना वाकून नमस्कार केला.

नीलेश शिकला. पाय आतून मारायला, हनुवटी वर ठेवायला, नाक बुडायला लागलं की पोट मागं घ्यायला. आणि दर वेळी पाण्यात शिरायच्या आधी योगेंद्र त्याच्या मनगटाला माझी दोरी बांधायचा आणि विचारायचा, "दोरी?"

"नाई सोडायची."

"काऊन?"

"फळी गेली म्हंजे आपण गेलो."

तो धडा समुद्राचा होता. समुद्रात तो खरा आहे. पाणी दुसरं असलं तर धडा दुसरा असतो, हे कायताननं सांगितलं नव्हतं, कारण त्याला दुसरं पाणी माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दिवाळी झाली. दोघं भाऊ आंजीला मामाकडं गेले, मला घेऊन. बबनमामांच्या घरी कापूस निघाला होता. बैठकीच्या खोलीत छतापर्यंत पांढरा ढीग. योगेंद्र मला घेऊन त्या ढिगावर चढला आणि पालथा पडून खाली घसरत आला. नीलेशनं मागून उडी मारली. कापूस उडाला, दोघांच्या केसांत, भुवयांवर बसला. "हे पाय, अस्साच फेस असते!" योगेंद्र ओरडत होता. मामी दारात उभी राहून म्हणाली, "उतरा खाली! सरकी फोडता का सगळी?" पण तीही हसत होती.

त्याच संध्याकाळी बबनमामा शेतातून आले. पाय धूत म्हणाले, "उद्या कालव्याले पाणी सुटते. गव्हाले पयली पाळी."

"कसं येते मामा थे पाणी?" योगेंद्रनं विचारलं.

"कसं म्हंजे? कोरडा कालवा असते, त्याच्यातून गरजत येते. काडीकचरा, साप, सारं ढकलत. पुढं हा एवढा पांढरा फेस."

योगेंद्रनं नीलेशकडं पाहिलं. मी कोपऱ्यात उभी होते. तिथूनही मला दिसलं की त्याचे डोळे कसे झाले.

पांढरा फेस. शिकाऊ माणसानं पांढरा फेस धरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या तळात, कोरड्या चिखलावर आम्ही तिघं उभे होतो. योगेंद्रनं चड्डी घातलेली, मनगटाला माझी दोरी. नीलेशच्या काखेत दादाचे कपडे.

"पह्यले मी जातो," योगेंद्र म्हणाला. "मंग तू. तू काठानं पळत येजो. त्या मोरीपर्यंत."

"मोरीच्या पुढं?"

"मोरीच्या अल्याड उतरतोच ना मी. कमरेएवढं पाणी हाय, उभं राह्यलं की झालं."

मोरी म्हणजे बैलगाडीच्या रस्त्याखालून कालवा जातो ती जागा. तिच्या तोंडाशी लोखंडी गज बसवलेले, काटक्या-कचरा आत जाऊ नये म्हणून.

आधी आवाज आला. मग वळणावरून ते पाणी आलं. मामांनी सांगितलं होतं तसंच, फेस पुढं, मागं तपकिरी पाणी. योगेंद्र फेसाच्या पुढं पळाला, मला छातीशी धरून, आणि पाणी घोट्याला लागताच त्यानं अंग टाकलं. मी एकदा तळाला घासले. मग उचलली गेले.

मी खोटं बोलणार नाही. ती लाट होती. तो शिकला होता. हनुवटी वर, हात नाकाशी, कमर माझ्या शेवटाशी. दोन्ही काठांवरची कपाशीची पळाटी मागं पळत होती. काठावरून नीलेश धावत होता, ठेचकाळत होता, ओरडत होता. आणि योगेंद्र माझ्यावरून ओरडला, "नीलू! समुद्र रे! हाच होय!"

समुद्राची लाट किनाऱ्याला येते आणि संपते. ती माणसाला वाळूवर ठेवते आणि परत जाते. ही लाट संपत नव्हती. मागचं पाणी वाढतच होतं, ढकलतच होतं. आणि पुढं वाहत आलेला कचरा गजांवर जाऊन बसला होता, म्हणून मोरीच्या तोंडाशी पाणी तुंबून छातीच्या वर चढलं होतं. योगेंद्र ठरल्याप्रमाणे माझ्यावरून उतरला, उभं राहायला. त्याचे पाय तळाला लागलेच नाहीत. पाण्यानं ते धरले आणि गजांकडं ओढले.

तो खाली गेला. मी वर राहिले. आमच्या मधली दोरी एका गजाला वेढा घालून ताठ झाली.

मला बुडता येत नाही. तुम्ही कितीही दाबलं तरी मी वर येते, मला तसंच बनवलं आहे. म्हणून मी वर येत राहिले, आणि मी जितकी वर ओढ घेत होते तितका त्याच्या मनगटाचा पट्टा आवळत होता. मी पाण्यात उभीच्या उभी राहिले, नाक आकाशाकडं करून, थरथरत. खालून तो दोरीला हिसके देत होता. प्रत्येक हिसका मला कळत होता.

काठावर नीलेश पोचला. मला उभी थरथरताना पाहून तो हसला. त्याला वाटलं, दादानं काही नवीन करून दाखवलं. त्यानं टाळ्या वाजवल्या. "दादा, हे कसं केलं बे? मलेही शिकव!"

मग हिसके थांबले.

नीलेशच्या काखेतले कपडे पडले. त्यानं उडी मारली, गजाला लटकला आणि मला दोन्ही हातांनी धरून वर ओढायला लागला. सारं बळ लावून. मला ओढायला नको होतं, सैल सोडायला हवं होतं. मी त्याच्या हातात होते, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

त्याच्या ओरडण्यानं बबनमामा धावत आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि मागं फिरून फावडं आणलं. पाण्याचं दार वर होतं, कोसभर लांब, किल्ली चौकीदाराकडं. मामांनी कालव्याचा काठच फोडला. आपल्याच शेतात. नुकताच पेरलेला गहू होता त्यात. काठ फुटला आणि पाणी शेतात घुसलं, ओळी वाहून गेल्या, आणि मामा फावडं मारतच होते, मारतच होते, तोंडानं म्हणत, "उतर रे बापा, उतर."

पाणी उतरलं. पण वेळ लागला.

कोणीतरी विळ्यानं दोरी कापली. त्या क्षणी मी हलकी होऊन पाण्यावर आडवी झाले आणि कडेला जाऊन चिखलात टेकले. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही.

मनगटाचा पट्टा नीलेशनं काढला. पोलिसांनी लिहून घेतलं, सही केली, निघून गेले. पट्टा नीलेशच्या खिशात गेला तो तिथंच राहिला.

मला देवळीला का आणलं ते ठाऊक नाही. बहुतेक सामानाबरोबर कोणीतरी उचललं असेल. मी दुकानाच्या मागच्या खोलीत पातेल्यांच्या उतरंडीला टेकून होते. घरात बसायला येणारी माणसं दारातून मला बघायची.

"हेच काय थे?"

"हेच. हिनंच खाल्लं पोराले."

"मी तं म्हणतो शोभाबाई, घरात ठेवू नका. जाळून टाका."

शोभाबाई सात दिवसांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "चुलीत घाला तिले," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता घाला."

नीलेश उठला. समोर बसलेले महादेवराव आजोबा त्याच्या आजाच्या वयाचे होते. तो त्यांच्यावरच धावून गेला. "तुम्ही कोण होय जाळा म्हणणारे? थे दादाची हाय! बापाचं पातेलं देऊन घेतली त्यानं! तिनं काय केलं? तिनं काहीच नाई केलं!" त्याला धरावं लागलं. मग तो मागच्या खोलीत आला, माझ्यापुढं बसला आणि मला लाथ मारली. मग मला उचलून पोटाशी धरलं. मग पुन्हा लाथ मारली.

तिनं काहीच नाही केलं. तो खरं बोलला होता.

नवव्या दिवशी त्याच्या मनात आलं. एकदा मनात आलं की तो थांबत नाही. दहाव्याला पवनारला धामच्या काठावर विधी होते. धाम पुढं वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा पुढं दुसऱ्या नद्यांशी मिळून गोदावरीला, आणि गोदावरी समुद्राला. हे त्याला शाळेतलं आठवलं नव्हतं. यात्रेला गेलेल्या नरहर गुरुजींना भेटायला बोलावून विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "हो रे बाळा, शेवटी समुद्रालाच जातं," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. नीलेशनं तेवढंच घेतलं.

दादा त्याला समुद्रावर नेणार होता. आता तो दादाला पाठवणार होता.

नावं टाकायची मशीन माझ्यावर चालेना. फोममध्ये ती नुसतीच घुसत होती. मग त्यानं खिळा गॅसवर तापवला, सांडशीत धरला आणि माझ्या निळ्या अंगावर अक्षरं काढायला बसला. वास सुटला, धूर झाला. योगेंद्र. प्रत्येक अक्षराला खिळा पुन्हा तापवायचा. योगेंद्र प्रभाकर. मग थांबला. समुद्राला एवढं पुरे, असं त्याला वाटलं असावं.

दारात प्रभाकरराव उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. रागावतील असं वाटलं. ते जवळ आले, खाली बसले आणि त्यांनी ते नाव अक्षर-अक्षर वाचलं.

"गाव राह्यलं," ते म्हणाले.

"बाबा?"

"गावाचं नाव टाकलं नाई तू. गाव नसन तं भांडं घरी कसं येईन?"

नीलेशनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याला सांगायचं होतं की हे परत यायला नाही, जायला आहे. पण त्यानं बापाचा चेहरा पाहिला. त्यानं खिळा तापवला आणि खाली लिहिलं: देवळी.

प्रभाकररावांनी फडका घेतला आणि माझ्यावरची काजळी पुसली, हळूहळू, नव्या भांड्याची पुसतात तशी.

दहाव्याला पवनारला विधी झाले, माणसं वर गेली. नीलेश मागं राहिला. त्यानं मला पाण्यात ठेवलं. दोरीचा तुकडा अजून माझ्या अंगाला होता, तो त्यानं कापला नाही. पट्टा त्याच्या खिशात होता, तो त्यानं काढला नाही. माझ्या नाकावर त्यानं दोन्ही हात ठेवले, योगेंद्र ठेवायचा तसे.

"सैल धरली," तो मला म्हणाला. "गोदावरीपर्यंत कोठी थांबू नको. होळीपर्यंत पोचशीन, मी हिशोब केला. दादाले एक मोठी लाट दाखवजो. हिरवी. शिकलेल्याची." मग त्याचा आवाज फाटला. "जाय ना बे. जाय."

आणि त्यानं मला ढकललं.

हिवाळ्यातली धाम. पाणी घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. मी दगडांवरून घासत गेले, डोहात दिवस दिवस गोल फिरले, वारा आला की पुढं सरकले. लाट मला एकदाही उचलायला आली नाही. तीन-चार गावं ओलांडली असतील. मग एक रपटा आला, नदीतून जाणारा तो बुटका रस्ता. त्याच्या नळ्यांच्या तोंडाशी जलपर्णी माजलेली. मी तिच्यात रुतले आणि अडकले. मागून आलेल्या काटक्या माझ्यावर बसल्या. गोदावरी तर सोडाच, मला वणासुद्धा दिसली नाही.

देवकाबाई कपडे धुवायला आल्या होत्या. त्यांनी काठीनं मला ओढून काढलं, दगडावर घासून धुतलं. माझ्यावर कपडे आपटून पाहिले. बरं वाटलं मला, खरं सांगते. इथंच राहावं, कपडे आपटून घ्यावेत, कोणाला काही कळू नये.

पण त्यांची नात मयुरी चौथीत आहे. तिनं बोट फिरवत वाचलं, "यो-गें-द्र प्र-भा-क-र. दे-व-ळी."

देवकाबाईंचा हात थांबला. "नाव टाकलं हाय? बाप्पा! मंग हे कोणाच्या तरी घरचं होय. वाहून आलं असन बिचाऱ्याचं. शोधून राह्यला असन." आणि अंगणात येऊन जावयाला म्हणाल्या, "मोतीलाल, उद्या बाजाराले चालला ना? हे देवळीले देजो. कोणालेही विचार, सांगतीन. लोकाचं नावाचं सामान आपल्या घरी नाई ठेवू."

"फळीच तं हाय, आत्याबाई."

"फळी असो का वाटी असो. नाव हाय ना?"

उद्या दुपारी बाजार भरलेला असेल. मोतीलाल विचारत विचारत त्या दुकानापुढं जीप उभी करेल. प्रभाकरराव बाहेर येतील, माझ्यावरचं नाव वाचतील, आणि मला वाटतं, क्षणभर त्यांना खूप बरं वाटेल. गावाचं नाव टाकलं होतं, भांडं घरी आलं. शोभाबाई आतून बघतील. आणि नीलेश आत मशीन घेऊन कोणाच्या तरी ताटावर नाव टाकत बसलेला असेल. तो मान वर करेल. होळी अजून लांब आहे. तो रोज मनात मला पुढं पुढं नेत असेल, एकेका नदीतून. तो मला बघेल, आणि त्याला कळेल की मी रपट्याच्या पुढं गेलेच नाही.

मला थांबता येत नाही, जाता येत नाही, बुडता येत नाही. तेव्हा खाली योगेंद्र हिसके देत होता आणि मी वर राहिले. आता नीलेशच्या बाबतीतही तसंच होणार आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या या रस्त्यानं जाणार असाल आणि काळीपिवळीच्या टपावर निळी फळी दिसली, तर ऐका. वर्धा नदीचा मोठा पूल कुठल्या बाजूला आहे तेवढं मोतीलालला सांगा. तिथून टाकली तर कदाचित पाणी पुरेल. नाहीतर एखादा दगड घेऊन ते खालचं गावाचं नाव तेवढं घासून टाका. वरचं राहू द्या. ते त्यानं फार मन लावून काढलं आहे.

मोतीलालनं दोरी आणून ओट्यावर ठेवली आहे. नवी आहे, सुंभाची, जाड.

बाबा रे, बांधशील तेव्हा गाठ सैल मार.